एक छत्री, घरभर पडदे: दुसऱ्या टीव्हीचा इतिहास

#थ्रेड #इतिहास

१९९५ च्या सुमारास मुंबई-पुण्यातील एखाद्या घरात दुसरा टीव्ही आला, तर फारसा विचार करावा लागत नसे. केबलच्या वायरीत एक छोटा स्प्लिटर बसवायचा आणि त्यातून निघणारी दुसरी वायर शयनगृहात न्यायची. बाहेर क्रिकेट चाले, आत मालिका. पुढे पंधरा वर्षांनी त्याच घराच्या गच्चीवर स्वतःची छत्री बसली, चित्र काचेसारखे स्वच्छ झाले. पण दुसऱ्या टीव्हीला मात्र दुसरा बॉक्स, दुसरी वायर आणि दुसरे मासिक शुल्क लागू लागले. तंत्र पुढे गेले आणि सोय मागे आली. असे का झाले? याचे अर्धे उत्तर भौतिकशास्त्रात आहे आणि अर्धे हिशेबाच्या वहीत.

प्रारंभ करावा लागतो तो १९७५ पासून. कारण भारतात उपग्रहाची छत्री पहिल्यांदा उभी राहिली ती कोणा एका कुटुंबासाठी नव्हे, तर गावासाठी.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला. विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये अमेरिकेच्या नासाशी त्यासाठी करार झाला होता. प्रयोग पाहायला स्वतः साराभाई मात्र उरले नव्हते. नासाचा एटीएस-६ हा उपग्रह भारताच्या दिशेने वळवण्यात आला आणि बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, राजस्थान, आंध्र प्रदेश व कर्नाटक या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत संच बसले. महाराष्ट्र या यादीत नव्हता. छत्री सुमारे दहा फुटांची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची. रोज चार तास कार्यक्रम. एका गावाला एक छत्री, एक संच आणि समोर अख्खे गाव. ‘दुसरा टीव्ही’ ही कल्पनाच तिथे संभवत नव्हती.

या प्रयोगाची एक छत्री देशाबाहेरही गेली. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीवरून स्थिर भासेल आणि त्याद्वारे जगभर प्रसारण करता येईल, हे ऑर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ मध्येच लिहून ठेवले होते. क्लार्क तेव्हा कोलंबोत राहत. इस्रोच्या अभियंत्यांनी त्यांच्या घरी जाऊन छत्री बसवून दिली. त्या वेळी श्रीलंकेत दूरचित्रवाणी केंद्रसुद्धा नव्हते! घरगुती उपग्रह-टीव्हीच्या इतिहासात याहून समर्पक पहिला ग्राहक सापडणे कठीण.

मुंबईत दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले होते, पण तो मनोरा आणि अँटेनाचा मामला होता. उपग्रहाचा घराशी थेट संबंध नव्हता. तो संबंध आला १९९१ मध्ये, आणि ज्या उपग्रहाने तो आणला त्याची कथा एखाद्या साहसकथेला शोभावी अशी आहे.

फेब्रुवारी १९८४ मध्ये चॅलेंजर यानातून वेस्टार-६ हा उपग्रह सोडण्यात आला. त्याची मोटर नीट चालली नाही आणि तो चुकीच्या कक्षेत अडकला. नोव्हेंबर १९८४ मध्ये डिस्कव्हरी यानातील अंतराळवीरांनी त्याला अवकाशात अक्षरशः हातांनी धरून परत पृथ्वीवर आणले. दुरुस्त होऊन तो पुन्हा विकला गेला आणि ७ एप्रिल १९९० रोजी चीनच्या लाँग मार्च अग्निबाणावरून नव्या नावाने उडाला: एशियासॅट-१. हाँगकाँगच्या स्टार टीव्हीने १९९१ मध्ये याच उपग्रहावरून पाच वाहिन्या सुरू केल्या आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी याच उपग्रहावरून झी टीव्ही सुरू झाला. भारतीय घरांत परदेशी आकाश उतरवले ते अशा एका ‘सेकंडहँड’ उपग्रहाने.

जानेवारी १९९१ मधील आखाती युद्धाच्या थेट चित्रणाने मोठ्या शहरांतील हॉटेलांत गर्दी खेचली होती. उपग्रहाची भूक तेव्हाच लागली होती. मात्र एशियासॅटचे प्रसारण सी-बँडमध्ये होते. लहरींची लांबी सुमारे साडेसात सेंटिमीटर आणि जमिनीवर पोहोचेपर्यंत त्यांची शक्ती अगदी क्षीण, त्यामुळे छत्री आठ-दहा-बारा फुटांची लागे. चाळीच्या खोलीला किंवा दोन खोल्यांच्या फ्लॅटला ती परवडणार कशी? येथे प्रवेश झाला केबलवाल्याचा. व्हिडिओ कॅसेटवरील चित्रपट वायरीने इमारतीत पुरवण्याचा धंदा मुंबईत ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून चालूच होता. त्याच धंद्याने आता गच्चीवर छत्री उभारली. साइटच्या गावाची जागा गल्लीने घेतली.

केबलवाल्याची ‘कंट्रोल रूम’ नीट समजून घेतली की आरंभीचे कोडे निम्मे सुटते. तो प्रत्येक वाहिनीसाठी स्वतंत्र रिसीव्हर ठेवी आणि प्रत्येकीला वेगळी वारंवारता देऊन सगळ्या वाहिन्या एकाच वायरीत शेजारी शेजारी बसवी. निवड करण्याचे काम टीव्हीच्या आतला ट्यूनर करे. म्हणजे सर्व वाहिन्या सर्व वेळ घरात येतच असत. म्हणूनच वायरीचे दोन काय, चार फाटे केले तरी चित्र थोडे मुंगेरी होण्यापलीकडे बिघडत नसे, आणि त्यावर बूस्टरचा उतारा होता. गुंतागुंत सगळी कंट्रोल रूमच्या लाकडी फळ्यांवर होती. घरात फक्त वायर.

घरच्या छोट्या छत्रीचा न्याय वेगळा. ती केयू-बँडवर चालते, लहरींची लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर, उपग्रह अधिक शक्तिशाली. म्हणून साठ सेंटिमीटरची थाळीही पुरते. थाळीच्या तोंडाशी जो छोटा डबा असतो तो एलएनबी. वरून येणारी उच्च वारंवारता वायरीत टिकत नाही, म्हणून एलएनबी ती उतरवून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आणतो. अडचण नेमकी इथे आहे. युरोपात रूढ झालेला केयू-बँड १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झ असा पसरलेला, आणि त्यात उभ्या व आडव्या कंपनाच्या लहरींवर वेगवेगळ्या वाहिन्या. सगळे मिळून चार गिगाहर्ट्झहून अधिक माल, आणि वायरीची वाट जेमतेम सव्वा गिगाहर्ट्झची. सगळे एकदम मावतच नाही!

यावर काढलेली युक्ती मोठी चतुर होती. आकाशाचे चार भाग करायचे आणि बॉक्सने हवा तो भाग मागवायचा. मागणीची भाषा विजेची: वायरीतून १३ व्होल्ट पाठवले की उभ्या लहरी, १८ व्होल्ट पाठवले की आडव्या, त्यासोबत २२ किलोहर्ट्झचा सूर असेल तर वरचा पट्टा, नसेल तर खालचा. आता याच वायरीला साधा स्प्लिटर लावून दोन बॉक्स जोडले तर? दिवाणखाना १८ व्होल्ट मागतो, शयनगृह १३. एलएनबी मोठ्या मागणीचे ऐकतो आणि शयनगृहातला पडदा ‘सिग्नल नाही’ म्हणून थांबतो. घरात भांडण बहीण-भावाचे दिसते, पण ते मुळात पाच व्होल्टांचे असते.

उपायही याच तर्कातून निघाले. दोन, चार किंवा आठ तोंडांचा एलएनबी, ज्याच्या प्रत्येक तोंडाची वायर स्वतंत्र खोलीत जाते. पडदे त्याहून अधिक असतील, किंवा अख्खी सोसायटी एकाच छत्रीवर असेल, तर मल्टिस्विच: चारही भाग चार वायरींनी त्याच्यापर्यंत आणायचे आणि तिथून ज्याची जी मागणी त्याला ते द्यायचे. तिसरा मार्ग काटकसरीचा, एकाच बॉक्सचे चित्र सर्व टीव्हींना वाटण्याचा. पण मग सर्वांना तेच पाहावे लागते. छत्री निवडताना घरात टीव्ही किती, हा प्रश्न म्हणूनच अपुरा ठरतो. एकाच वेळी किती वेगवेगळ्या वाहिन्या पाहिल्या जाणार, हा खरा प्रश्न.

राहिली हिशेबाची वही. स्प्लिटरच्या काळात दुसरा टीव्ही कोणाच्याही नोंदीत नसे. इतकेच काय, केबलवाल्याकडे जोडण्या नेमक्या किती, हेही वाहिन्यांना कळत नसे. तो सांगेल तो आकडा. १९९५ च्या केबल कायद्याने त्याला नोंदणी सक्तीची केली, तरी मोजणी हाती आली नाही. ती आणली बॉक्सने. चित्र कुलूपबंद करायचे आणि किल्ली प्रत्येक टीव्हीशेजारच्या बॉक्समध्ये ठेवायची. २००२ मध्ये कायद्यात तशी तरतूद झाली, २००३ मध्ये चेन्नईत अंमल सुरू झाला, आणि ३१ ऑक्टोबर २०१२ ला मुंबईत, तर ३१ मार्च २०१३ ला पुणे, नागपूर, नाशिक आदी शहरांत जुन्या ॲनालॉग केबलची मुदत संपली. केबलच्या घरातही आता प्रत्येक पडद्याला बॉक्स आला. तोवर ग्राहक म्हणजे घर होते; यापुढे ग्राहक म्हणजे टीव्ही.

घरच्या छत्रीची वाटही सरळ नव्हती. १९९७ मध्ये सरकारने ४,८०० मेगाहर्ट्झच्या वरच्या उपकरणांवर बंदी घालून केयू-बँडचे दार बंद केले. नोव्हेंबर २००० मध्ये मंत्रिमंडळाने ते उघडले. २००३ मध्ये डिश टीव्ही, डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत सेवा आणि ऑगस्ट २००६ मध्ये टाटा स्काय आली. या सशुल्क छत्र्यांनी पहिल्या दिवसापासून टीव्ही मोजूनच घेतले.

अनेक पडद्यांच्या घराचा प्रश्न नियामकाच्या दारात पोहोचायला मात्र २०२० उजाडले. वर्षभरापूर्वीच्या नव्या दररचनेत जोडणीचे मूळ शुल्क कमाल १३० रुपये ठरले होते, आणि दुसऱ्या टीव्हीलाही ते पूर्ण आकारता येत होते. जानेवारी २०२० मध्ये ट्रायने दुरुस्ती करून दुसऱ्या व त्यापुढील प्रत्येक टीव्हीसाठी हे शुल्क मूळ शुल्काच्या ४० टक्क्यांवर जाऊ नये, असे ठरवले. म्हणजे १३० चे ५२. वाहिन्यांची किंमत याहून वेगळी.

दूरदर्शनची मोफत छत्री, आजची डीडी फ्री डिश, या मोजणीबाहेर राहिली आहे. तिला मासिक शुल्क नाही. त्यामुळे दुसऱ्या टीव्हीचा खर्च तिथे एका बॉक्सपुरता, एका वायरीपुरता आणि थाळीच्या तोंडाशी दोन तोंडांचा एलएनबी बसवण्यापुरता उरतो.