राक्षसाची झुंज: भाज्यापासून फाशापर्यंत

मळवली स्टेशनच्या दक्षिणेला, डोंगराच्या कुशीत कोरलेल्या भाजे लेण्यांतले चैत्यगृह पाहून बरेच पर्यटक समाधानाने पायऱ्या उतरतात. लेण्यांच्या दक्षिण टोकाच्या विहारापर्यंत जाण्याचे कष्ट थोडेच लोक घेतात. त्या विहाराच्या व्हरांड्यात, टोकाच्या खोलीच्या दाराच्या दोन बाजूंना, मावळातल्या बहुधा सर्वांत जुन्या राक्षसयुद्धाचे चित्र दगडात उभे आहे. एका बाजूला चार घोड्यांचा रथ, रथात दोन स्त्रियांसह एक देव, आणि रथाखाली आडवातिडवा पसरलेला अजस्र राक्षसी देह. दुसऱ्या बाजूला हत्तीवर स्वार झालेली भव्य आकृती, आणि त्या हत्तीने सोंडेत मुळासकट उपटून धरलेले झाड.

परंपरेने यांना सूर्य आणि इंद्र म्हटले जाते; काही अभ्यासकांना त्यांत मांधाता राजाची कथा दिसते. ओळख कोणतीही पटो, शिल्पकाराची समज वादातीत आहे. हत्तीच्या पायांखालची माणसे त्याने बोटभर केली आहेत. त्यांतला एक राजा बसलेला आहे, कोणी वाजवते आहे, कोणी नाचते आहे. प्रचंड काय आणि सामान्य काय हे एका नजरेत कळावे, म्हणून ही माणसे तिथे आहेत. हत्तीचे बळ उपटलेल्या झाडावरून कळते, राक्षसाचा आकार रथावरून. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी इंद्रायणीच्या खोऱ्यात कोणीतरी झुंज रंगवण्याचा पहिला धडा असा छिन्नीने लिहून ठेवला.

झुंज रंगवायची कशी, हा प्रश्न आज जगभर एका वेगळ्याच मांडावर चर्चिला जातो: टेबलाभोवती बसून, फासे टाकून आणि बोलून खेळल्या जाणाऱ्या अद्भुतकथांच्या खेळात. या खेळांचा आद्य नमुना ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा गावातून, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो 1974 मध्ये बाजारात आणला. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, आणि वार लागला की हुकला हे फासा ठरवतो. खेळाची मुळे सैन्याच्या छोट्या बाहुल्या मांडून खेळायच्या युद्धखेळांत होती, त्यामुळे राक्षसाशी झुंज ही सुरुवातीपासून त्याच्या केंद्रस्थानी आली.

तिथेच एक अडचणही आली. पात्राने एका फटक्यात मरू नये, म्हणून आर्नेसनने प्रत्येकाला जीवनगुण दिले, म्हणजे ‘हिट पॉइंट’. ही कल्पना त्याने पोलादी युद्धनौकांच्या खेळाच्या नियमांतून उचलली होती. जहाजाला ती शोभते: गोळा लागतो, जहाज थोडे मोडते, पण तरंगत राहते. राक्षसाला लावली की मात्र झुंजीची वजाबाकी होते. साठातून सात गेले, त्रेपन्न उरले. त्रेपन्नातून नऊ गेले. राक्षस शेवटच्या आकड्यापर्यंत पहिल्यासारखाच लढतो आणि शून्यावर कोसळतो. या खेळाचे जुने खेळाडू कंटाळवाण्या झुंजीची तक्रार करतात ती हीच.

त्या पहिल्या वर्षांतच एक राक्षस मात्र वेगळा निघाला, आणि तो भारतातून गेलेला होता. डिसेंबर 1975 मध्ये हा खेळ काढणाऱ्या कंपनीच्या नियतकालिकात ‘राक्षस’ हे नाव जसेच्या तसे घेऊन एक प्राणी अवतरला. 1977 च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये त्याला वाघाचे डोके, अंगात झगा आणि हातात चिलीम मिळाली. त्याची प्रेरणा पुराणांतून थेट आलेली नव्हती. 1974 च्या अखेरीस अमेरिकन दूरचित्रवाणीवर ‘कोलचॅक’ या मालिकेचा एक भाग दाखवला गेला होता. त्यातला राक्षस सावजाच्या विश्वासातल्या माणसाचे रूप घेऊन जवळ येई, आणि मंत्रवलेल्या बाणाशिवाय मरत नसे. खेळानेही तेच उचलले. या राक्षसावर कमी दर्जाचे मंत्र चालत नसत. एक विशिष्ट अभिमंत्रित बाण मात्र त्याला जागीच ठार करी. इथे वजाबाकीचा उपयोग नव्हता. आधी ओळखावे लागे, मग उपाय शोधावा लागे, मग तो उपाय नेमक्या क्षणी हाताशी असावा लागे.

मराठी श्रोत्याला यात नवे काही वाटणार नाही. वाघ्या-मुरळीच्या जागरणात रात्रभर ऐकू येणारी मणी-मल्ल या दैत्यांची कथा घ्या. मावळातल्या कितीतरी घरांचे कुलदैवत खंडोबा आहे, आणि पुणे जिल्ह्यातच जेजुरीला मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून चंपाषष्ठीपर्यंत सहा दिवस या युद्धाचा उत्सव चालतो. मणी नुसता बलाढ्य नाही. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की नवा दैत्य उभा राहतो. म्हणजे जितके नेमके वार कराल तितके शत्रू वाढणार! तोड काढली जाते ती अशी, की खंडोबाचा कुत्रा ते रक्त जमिनीवर पडण्याआधीच पिऊन टाकतो. तलवार देवाच्या हाती आहे, पण ती कामी येते कुत्र्यामुळे. शिवाय पराभवानंतरही मणी संपत नाही. तो शरण येतो, आपला पांढरा घोडा देतो आणि देवाजवळ जागा मागतो. जेजुरीच्या गडावर त्याचीही पूजा होते. शत्रूला मागणे असते, म्हणून त्याचे मरणही लक्षात राहते.

आणि ही झुंज प्रेक्षकांसमोर उभी कशी करायची? त्याचाही आपल्याकडे लेखी इतिहास आहे. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीला ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्या काळच्या नाटकमंडळ्यांत राक्षसांची भूमिका करणाऱ्या नटांचा वेगळा ताफाच असे. राक्षस येण्याआधी राळ उडे, भडका होई, आणि ‘अलल्लडुर्र’ अशी आरोळी ठोकत तो तलवार परजत धावून येई. या नाटकांना पुढे तेच नाव चिकटले. पद्ये सूत्रधार म्हणे, कथा पुढे नेई, आणि नट आपापली भाषणे तिथल्या तिथे रचून बोलत. कोकणातला दशावतार आजही असाच चालतो. लिखित संहिता नसते. कथानक आधी ठरते, संवाद रंगमंचावर सुचतात, आणि पेटी-मृदंग-झांजेच्या तालावर युद्ध होते. वेद पळवणारा काळा संकासुर विष्णूकडून मारला जाण्याआधी मनसोक्त बोलून घेतो, लोकांना हसवतो. तलवारीला तलवार भिडेपर्यंत तो प्रेक्षकांच्या ओळखीचा झालेला असतो.

ठरलेली कथा, ती चालवणारा एक जण, आयत्या वेळी बोलणारी पात्रे: लेक जिनीव्हातला खेळ याच घाटाचा आहे. गायगॅक्सला दशावतार ठाऊक होता असे कोणी म्हणणार नाही, पण दोन्हींची गरज सारखी आहे. म्हणूनच त्या खेळाच्या नियमांनी पुढे जी वळणे घेतली ती आपल्याला ओळखीची वाटतात. 2008 च्या आवृत्तीत निम्मे जीवनगुण गेलेला राक्षस ‘रक्तबंबाळ’ ठरू लागला, आणि त्या क्षणी काही राक्षसांचे वागणेच बदलू लागले: ड्रॅगन लगेच पुन्हा आग ओकू लागला. 2014 च्या आवृत्तीने त्याहून मोठा दोष दूर केला. पाच खेळाडूंच्या पाच खेळी होईपर्यंत एकट्या राक्षसाला एकच खेळी मिळे, त्यामुळे तो कितीही भयंकर असला तरी उभ्या उभ्या मार खाई. आता मोठ्या राक्षसांना इतरांच्या खेळीनंतरही हालचाल करता येते. त्या आवृत्तीत त्यांची गुहासुद्धा स्वतःची चाल खेळे: छत ढासळे, पाणी उसळे, धुके दाटे.

या शेवटच्या नियमासाठी मावळासारखी भूमी नाही. भाज्याच्याच डोंगरावरून वर दिसणारा लोहगड पाहा. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एका वळणावळणाच्या वाटेवर आहेत, आणि प्रत्येक वळणावर चढणारा वरच्या तटाच्या माऱ्यात येतो. पावसाळ्यात तर हातभर अंतरावरचे दिसत नाही. इथला राक्षस पहिल्या दरवाजाशी आवाज होऊन भेटावा, दुसऱ्याशी ओळखीच्या माणसाच्या रूपात, तिसऱ्याशी जखमी होऊन मागणे मागत. चौथ्यापर्यंत पोचणाऱ्यांना त्याला मारायचे की गडावर जागा द्यायची हे ठरवावे लागावे.

पुण्या-मुंबईची तरुण मंडळी पावसाळ्यात लोणावळ्याला येऊन रात्र-रात्र हा खेळ मांडणार असतील, तर त्यांना एक मनापासून विनंती आहे. पुढच्या डावाचा राक्षस परदेशी पुस्तकातून घेण्याआधी एकदा मणीला पटावर उतरवा. त्याला त्याचे मागणे द्या, त्याचा पांढरा घोडा द्या, आणि खेळाडूंच्या सोबत एक कुत्रा असू द्या.