जखमेचा वण कुठे जाड होतो आणि का? पेशींना ताण कसा कळतो

पापणीवरची जखम भरली की तिचा वण शोधावा लागतो. छातीवर किंवा खांद्यावर मात्र छोटासा कट लागला तरी कित्येक महिने जाड, लालसर पट्टा दिसत राहू शकतो. माणूस तोच, रक्त तेच. मग फरक कशामुळे? एक मोठं कारण म्हणजे ओढ. छातीची कातडी श्वासागणिक ताणली जाते, खांद्याची हात उचलला की. पापणीवर ताण जवळजवळ नसतोच. जखमेची हद्द ओलांडून वाढत जाणारा वण, म्हणजे केलॉइड, ज्यांना वारंवार होतो त्यांनाही तो वरच्या पापणीवर क्वचितच होतो.

कातडी मुळात ताणलेलीच असते. १८६१ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल लँगर यांनी मृतदेहांच्या कातडीला गोल टोकाच्या अवजाराने भोकं पाडली, तर ती गोल न राहता लांबट झाली. त्यावरून त्यांनी अंगभर ताणाच्या रेषांचा नकाशाच काढला. कापडाला जसा उभा-आडवा धागा, तसंच हे. छेद कुठल्या दिशेने घ्यायचा हे ठरवताना सर्जन आजही अशा रेषांचा विचार करतात.

आता पेशीला हे कळतं कसं? फोन आडवा केला की स्क्रीन फिरते, कारण आतल्या सेन्सरमधला इवलासा तुकडा हलतो आणि त्या हालचालीचा सिग्नल बनतो. पेशीकडेही असा सेन्सर आहे. पिएझो-१ हे प्रोटीन पेशीच्या आवरणात दारासारखं बसलेलं असतं. आवरण ताणलं की दार उघडतं आणि कॅल्शियम आत शिरतं. आर्डेम पटापुटियन यांच्या टीमने हे २०१० मध्ये शोधलं आणि २०२१ चं वैद्यकातलं नोबेल त्यांना डेव्हिड ज्युलियस यांच्यासोबत मिळालं. गंमत म्हणजे, उंदरांच्या कातडीच्या वरच्या थरातून पिएझो-१ काढून टाकलं तर जखम लवकर बुजली. म्हणजे तिथे तो ब्रेकचं काम करतो.

पण वणाची खरी गोष्ट खालच्या थरात घडते. तिथल्या फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजनचे धागे बनवतात, ते धरून ठेवतात आणि सतत ओढून बघतात. १९८० मध्ये अल्बर्ट हॅरिस यांनी अशा पेशी सिलिकॉनच्या पातळ पापुद्र्यावर ठेवल्या, तर पापुद्र्याला चक्क सुरकुत्या पडल्या. ओढल्यावर समोरून घट्ट विरोध आला की पेशीतलं याप नावाचं प्रोटीन केंद्रकात जातं आणि जीन चालू-बंद करतं. पेशीत स्नायूसारखे तंतू तयार होतात आणि ती होते मायोफायब्रोब्लास्ट. जिनिव्हातले जुलिओ गाब्बियानी यांनी १९७१ मध्ये जखमेतल्या या बदललेल्या पेशींचं वर्णन केलं होतं.

जखमेच्या कडा जवळ आणायला या पेशी हव्यातच. काम झालं की त्या मरून जातात. मात्र जखम सतत ताणली जात राहिली तर त्या टिकून राहतात. ताण म्हणून जास्त कोलॅजन, कोलॅजन म्हणून जास्त कडकपणा, कडकपणा म्हणून आणखी ताण. प्रोग्रामर याला ब्रेक नसलेला लूप म्हणेल. शिवाय वणातलं कोलॅजन मूळ कातडीसारखं विणलेलं नसून एकाच दिशेला रचलेलं असतं. त्यामुळे त्याची ताकद मूळच्या साधारण ८० टक्क्यांपुढे जात नाही.

म्हणूनच टाके काढल्यावर डॉक्टर कधीकधी काही आठवडे कागदी टेप किंवा सिलिकॉनची पट्टी लावायला सांगतात. ‘जखम तर भरली’ म्हणून ती काढून टाकू नका, आणि सांध्यावरचे टाके असतील तर जिम कधी सुरू करायची तेही विचारून घ्या. गडद वर्णाच्या त्वचेत केलॉइडचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे आपल्याकडे तर हे विचाराच.

२०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या टीमने याप अडवणारं व्हर्टेपोर्फिन हे औषध उंदरांच्या जखमेत दिलं. तिथे वणाऐवजी केस आणि ग्रंथी असलेली कातडी परत आली. औषध नवीन नाही, डोळ्यांच्या एका आजारात ते आधीपासून वापरतात. पण उंदराची कातडी सैल असते, जखम बरीचशी आकसूनच मिटते, म्हणून अशा प्रयोगांत जखमेभोवती रिंग बसवून ती उघडी धरावी लागते. आपली कातडी खालच्या थरांना घट्ट धरून असते, त्यामुळे उंदरात जमलेलं माणसात जसंच्या तसं जमेल असं धरून चालता येत नाही.