स्वस्तातला दिवाण आणि आनंद श्रावकाचा हिशेब



मागच्या आठवड्यात सूनबाईने मोबाइल माझ्यापुढे धरला. "मम्मी, हा सोफा बघा. ऐंशी हजारांचा एकतीस हजारांत मिळतोय. पण आज रात्री बारापर्यंतच."

फोटोत सोफा सुरेख होता. मी विचारले, "खालून कसा आहे?"

ती हसली. "मम्मी, सोफा खालून कोण बघतं?"

मी बघते. का बघते ते सांगायचे तर आधी माझी एक चूक सांगावी लागेल.

१९९४ साली मी जुन्या सामानाच्या एका दुकानातून सागवानी दिवाण घेतला होता. पाठीला वेलबुट्टीचे कोरीवकाम होते. नव्याला सहा हजार पडत होते, हा २,२०० ला मिळाला. मी बी.कॉम. झालेली, घासाघीस करून घेतला म्हणून दोन दिवस मैत्रिणींना सांगत सुटले होते. पंधरा दिवसांनी मुलाच्या अंगावर गांधी उठल्या. दिवाण उलटा केला तर सांध्यांसांध्यांत ढेकूण.

आपल्या घरात ढेकूण निघणे म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. उन्हात ठेवावा तर जीव मरणार, उकळते पाणी ओतावे तर मरणार, तसाच ठेवावा तर वाढत जाणार आणि पुढे आणखी मरणार. शेवटी औषध मारले, तेही दोनदा. सासूबाई रागावल्या नाहीत. सामायिक पाळून झाल्यावर एवढेच म्हणाल्या, "घेताना उचलून खालून पाहिला होतास का?" मी पाहिला नव्हता. वस्त्र, पात्र, आसन नीट पाहून घ्यावे, ही पडिलेहणाची शिकवण मी रोज ऐकत होते. दुकानात मात्र माझे डोळे वेलबुट्टीवर आणि किमतीवर होते. चातुर्मासात महासतीजींकडे आलोचना केली, त्यांनी दिलेले प्रायश्चित्त केले. पण ती खंत आजही आहे.

तेव्हापासून एक प्रश्न मनात राहिला. आपल्या पूर्वीच्या श्रावक-श्राविकांनी घरातल्या सामानाचा हिशेब कसा ठेवला असेल? त्याचे एक उत्तर आपल्याच आगमात आहे.

उपासकदशांग सूत्र हे सातवे अंग. त्यात भगवान महावीरांच्या दहा श्रावकांची चरित्रे आहेत. पहिला वाणिज्यग्रामचा आनंद गाथापती. वाणिज्यग्राम म्हणजे आजच्या बिहारमधील वैशालीजवळचे गाव. आनंदाच्या संपत्तीचे वर्णन कॉमर्स शिकलेल्या बाईने वाचावे असे आहे. ४ कोटी सुवर्णमुद्रा निधानात, म्हणजे राखून ठेवलेल्या. ४ कोटी वृद्धीत, म्हणजे व्याज-व्यापारात लावलेल्या. आणि ४ कोटी प्रविस्तरात, म्हणजे घर आणि घरातल्या सामानसुमानात. शिवाय दहा-दहा हजार गाईंचे ४ गोकुळ. आजच्या भाषेत सांगायचे तर राखीव निधी, खेळते भांडवल आणि घरातली मालमत्ता, अशी तीन वेगळी खाती. प्रविस्तर या शब्दाचा अर्थ आपल्या 'पसारा' शब्दाच्या किती जवळ आहे पाहा.

गंमत म्हणजे बाकीच्या श्रावकांचीही वाटणी अशीच आहे. चंपानगरीच्या कामदेवाचे तिन्ही ठिकाणी सहा-सहा कोटी, तर पोलासपूरच्या सकडालपुत्र कुंभाराचे एक-एक कोटी. रक्कम ज्याची त्याची वेगळी, पण घरातल्या सामानाचे खाते प्रत्येकाचे वेगळे आणि मोजलेले. म्हणजे आगमाने सामान नाकारलेले नाही, त्याला व्यापाराच्या भांडवलाइतकेच मोठे खाते मानले आहे.

मग आनंदाने व्रत घेताना काय केले? घर रिकामे केले नाही. जे आहे त्याच्या वर नाही, असा नियम केला. अंघोळीला पाण्याचे ८ घडे, इथपर्यंत त्याने मर्यादा बांधली. त्याची पत्नी शिवानंदा हिनेही भगवंतांकडे जाऊन बारा व्रते स्वीकारली. मला नेहमी वाटते, ४ कोटींचे प्रविस्तर प्रत्यक्षात सांभाळणार होती ती शिवानंदाच. भांडी, गाद्या, पेट्या, आसने तिच्याच नजरेखालची. तिने व्रत घेतले नसते तर आनंदाचा नियम महिनाभर तरी टिकला असता का?

ही मर्यादा आपणही प्रतिक्रमणात म्हणतो. पाचव्या व्रतात 'कुविय' येते, म्हणजे घरवखरीचे सामान. सातव्या व्रताच्या २६ बोलांत 'सयणविहि' आहे, म्हणजे झोपण्या-बसण्याची साधने. चौदा नियम धारण करणाऱ्या भगिनी तर रोज सकाळी शयनाची संख्या ठरवतात, आज इतक्याच पलंग-खुर्च्या वापरीन म्हणून. एकदा संख्या ठरली की स्वस्त आहे का हा प्रश्न दुसरा होतो. पहिला प्रश्न होतो, आत येणार असेल तर बाहेर काय जाणार?

आता आपल्या महाराष्ट्रातल्या घरांकडे येऊ. माझ्या माहेरच्या जुन्या वाड्यात फर्निचर म्हणावे असे फारच थोडे होते. भिंतीतच कोनाडे, फडताळे, खुंट्या. बसायला पाट आणि सतरंजी, पूजा-वाचनाला चौरंग आणि बाजोट, पेढीवर पांढरी गादी, तक्के-लोड आणि उतरत्या झाकणाची लाकडी पेटी. साठवण भिंतीत असल्यामुळे तिचा खर्च बांधकामातच एकदा झाला. पाट उचलून भिंतीला उभा केला की झाडायला जमीन मोकळी. जीवदयेसाठी वेगळे काही करावे लागत नव्हते.

इंग्रजी अमलात खुर्ची-टेबल घरात येऊ लागले. मुंबईत काळ्या शिसवीचे भरगच्च कोरीवकामाचे फर्निचर बनू लागले, ते श्रीमंतांचे. सामान्य माणसाला खुर्ची भेटली ती इराण्याच्या हॉटेलात. वाकवलेल्या लाकडाची ती गोल बैठकीची खुर्ची आठवते ना? तिचे मूळ युरोपात आहे. मायकेल थोनेट या कारागिराने लाकूड वाफेवर वाकवण्याची रीत बसवली आणि १८५९ मध्ये आपली १४ क्रमांकाची खुर्ची काढली. लाकडाचे ६ भाग, १० स्क्रू, २ नट. सुटे भाग भरले तर एका घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावत. स्वस्ताई आली ती कमी भागांतून आणि वाहतुकीतून. लाकूड मात्र भरीवच राहिले. म्हणून मी स्वस्त म्हणजे वाईट असे म्हणत नाही. पैसा नेमका कुठे वाचला, ते विचारावे.

१९२३ मध्ये गोदरेजने पोलादी कपाटे बनवायला सुरुवात केली. पुढे लग्नात मुलीला कपाट देणे ही रीतच पडून गेली. माझे १९८२ चे आहे. बाबांनी किंमत कधी सांगितली नाही, पण त्यांच्या पगारात ते सोपे नव्हते एवढे मला कळत होते. त्याला वाळवी लागत नाही, चार पाय असल्याने खालून झाडू फिरतो. चाळीस वर्षांत एकदा रंग आणि दोनदा कुलूप, एवढाच खर्च.

त्यानंतर फ्लॅट आले आणि प्लायवूड, सनमायका, पेटीचे पलंग घराघरांत शिरले. सुटे भाग घरी नेऊन जोडायच्या फर्निचरची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. स्वीडनच्या आयकिया कंपनीत १९५६ च्या सुमारास एका टेबलाचे पाय गाडीत मावेनात म्हणून काढावे लागले आणि त्यातून सपाट खोक्यांची कल्पना रुजली, असे सांगतात. ही कंपनी २०१८ मध्ये हैदराबादला आणि २०२० मध्ये नवी मुंबईला आली. इथे पैसा वाचतो तो वाहतुकीत आणि जोडण्याच्या मजुरीत, कारण ती कामे आपण करतो. शिवाय आज बाजारात सगळीकडेच भुसा आणि लाकडाचे तुकडे दाबून केलेल्या फळ्या खूप आहेत. त्या फळीची कड उघडी राहिली तर आपल्या पावसाळ्यात ती फुगते. स्क्रू एकदा काढला की त्याच भोकात पुन्हा तसा घट्ट बसत नाही. म्हणून एकाच जागी कोरडे राहणार असेल तर चालेल, दर तीन वर्षांनी घर बदलणार असाल तर विचार करावा.

आणि हप्ते? तेही नवे नाहीत. न्यूयॉर्कच्या काउपर्थवेट या फर्निचरवाल्यांनी १८०७ मध्ये हप्त्यांवर माल द्यायला सुरुवात केली, असे व्यापाराच्या इतिहासात सांगतात. म्हणजे हप्त्याची सवय अमेरिकेला लागली तीच मुळी फर्निचरपासून. हप्त्याने वस्तूची किंमत कमी होत नाही. आनंदाच्या भाषेत सांगायचे तर वृद्धीच्या खात्यातून प्रविस्तराच्या खात्यात पैसा सरकतो, आणि तोही अजून न कमावलेला.

आता माझ्या दिवाणाचा ताळेबंद मांडते. खरेदी २,२००. टेम्पो-हमाली २५०. पॉलिश ६००. नवी गादी ९००. औषध ७००. एकूण ४,६५०. तीन वर्षांनी, ढेकूण पुरते गेल्याची खात्री करून आणि काय झाले होते ते सांगून, ८०० ला विकला. म्हणजे ३,८५० गेले, वर्षाला जवळजवळ १,३००. सहा हजारांचा नवा घेऊन वीस वर्षे वापरला असता तर वर्षाला ३०० पडले असते. आयकरात फर्निचरवर १० टक्के घसारा धरतात. घरच्या वहीत मी घसारा असाच मोजते: सगळा खर्च, भागिले खरोखर वापरलेली वर्षे. आणि जिवांचा जो घात झाला, त्याला वहीत रकानाच नाही.

हे सगळे मी सूनबाईला सांगितले. तिने शांतपणे ऐकले. मग म्हणाली, "मम्मी, पटलं. पण आपल्या घरात बसायच्या जागा किती आहेत, मोजल्यात कधी?"

दोघींनी मिळून मोजल्या. माणसे पाच. खुर्च्या, स्टुले, माळ्यावरच्या घडीच्या खुर्च्या, पलंग, जुना सोफा मिळून २३ जागा. दोन पेटीपलंग तर असे भरलेले की त्यांच्या तळाला मी वर्षभर हात लावला नव्हता. दुसऱ्याला खालून बघायला सांगणारी मी, माझ्याच पलंगाच्या आत बघत नव्हते. 'कुविय' रोज म्हणत होते, पण त्यापुढे आकडा कधी लिहिलाच नव्हता.

सोफा त्या रात्री घेतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच सोफा, तीच किंमत, फक्त मुदत नवी होती. सूनबाईने मला तेही दाखवले आणि आम्ही दोघी हसलो.

मग वहीच्या पहिल्या पानावर दोघींनी मिळून आकडा लिहिला: १४. घडीच्या सहा खुर्च्या स्थानकात दिल्या, तिथे प्रवचनाला कामी येतात. दोन स्टुले कामवाल्या मावशींनी नेली. एक पेटीपलंग रिकामा करून, पुसून, देण्यासाठी बाजूला ठेवला आहे. तिचे म्हणणेही मी मान्य केले. आजकाल बदल्या होतात, घरे बदलतात, माझे कपाट हलवायला चार माणसे लागतात. त्यामुळे तिचा सोफा हलका असेल, पण पायांवर उभा असेल, आणि तो आला की जुना जाईल. दुकानात जाऊन, वाकून, खालून बघूनच घ्यायचा असे ठरले आहे. वाकायचे काम तिचे, माझे गुडघे आता साथ देत नाहीत.

तुम्हीही एकदा घरातल्या बसायच्या जागा मोजून पाहा. आकडा मला कळवला नाही तरी चालेल, पण वहीत नक्की लिहा.

लिहिताना जिनवाणीच्या विरुद्ध काही लिहिले गेले असेल तर मिच्छामि दुक्कडम्.