पेनच्या आकाराचे वेप पॉड : ‘नवशिक्यांसाठी सोपे’ या दाव्याचा अर्थ

नवी दिल्ली : पेनासारखे निमुळते, वजनाला हलके आणि बटण न दाबता नुसत्या झुरक्याने सुरू होणारे वेप पॉड अनेक देशांत ‘नवशिक्यांसाठी सर्वांत सोपे’ म्हणून विकले जाते. भारतात या उपकरणाचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात २०१९ पासून कायद्याने बंद आहे. तरीही चोरट्या मार्गाने येणारी उपकरणे तरुणांच्या हाती पडतात आणि ‘पहिल्यांदा कोणते घ्यावे’ ही चर्चा सुरूच राहते. या चर्चेत आकार, चव, वाफेचे प्रमाण आणि बॅटरी हे निकष असतात. एका कुपीत निकोटिन किती असते, झुरका इतका सौम्य का लागतो आणि नवशिका म्हणजे नेमका कोण, हे प्रश्न मात्र मागे पडतात. उपकरणाचे खरे मूल्यमापन या प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून आहे.

रचना आणि कार्य

पेनच्या आकाराच्या पॉड उपकरणाचे दोन मुख्य भाग असतात. खालच्या दांड्यात लिथियम-आयन बॅटरी, एक छोटे इलेक्ट्रॉनिक परिपथ आणि हवेच्या दाबातील बदल ओळखणारा संवेदक असतो. वरच्या भागात पॉड म्हणजे द्रवाची कुपी बसते. कुपीत कापसाची किंवा तत्सम पदार्थाची वात आणि तिच्याभोवती किंवा तिला लागून धातूच्या तारेचे वेटोळे असते. वापरणाऱ्याने झुरका घेताच संवेदक बॅटरीचा प्रवाह सुरू करतो, वेटोळे तापते आणि वातीत शोषलेल्या द्रवाचे सूक्ष्म तुषार तयार होतात. बोलीभाषेत त्याला ‘वाफ’ म्हणतात. प्रत्यक्षात ते द्रवाचे बारीक थेंब आणि वायू यांचे मिश्रण, म्हणजे एरोसोल असते.

द्रवात साधारणतः प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वाददायी रसायने आणि निकोटिन हे घटक असतात. काही उपकरणांतील कुपी रिकामी झाल्यावर फेकून नवी बसवली जाते, तर काहींमध्ये ती पुन्हा भरता येते. बॅटरीसह संपूर्ण उपकरणच फेकून देण्याचा एकदाच वापरण्याजोगा प्रकारही प्रचलित आहे.

आजच्या ई-सिगारेटचे श्रेय चीनमधील औषधनिर्माणतज्ज्ञ होन लिक यांना दिले जाते. त्यांनी २००३ मध्ये हे उपकरण विकसित केले आणि पुढील वर्षी ते चीनच्या बाजारात आले. पॉड प्रकाराला खरी लोकप्रियता मिळाली ती अमेरिकेत जून २०१५ मध्ये बाजारात आलेल्या ‘जूल’ या उपकरणामुळे. संगणकाच्या पेन ड्राइव्हसारखे दिसणारे हे उपकरण दप्तरात किंवा मुठीत सहज लपत असे.

निकोटिनचे गणित

पॉडच्या वेष्टनावर ‘२ टक्के’ किंवा ‘५ टक्के’ असे लिहिलेले असते. पाच टक्के हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. मिलिग्रॅममध्ये मांडल्यावर त्याचे स्वरूप स्पष्ट होते. जूलच्या सुरुवातीच्या पाच टक्क्यांच्या कुपीत ०.७ मिलिलिटर द्रव होता आणि त्यात प्रतिमिलिलिटर सुमारे ५९ मिलिग्रॅम निकोटिन होते. म्हणजे एका कुपीत जवळपास ४० मिलिग्रॅम निकोटिन झाले. युरोपीय संघाच्या २०१४ च्या तंबाखू उत्पादन निर्देशानुसार द्रवातील निकोटिन प्रतिमिलिलिटर २० मिलिग्रॅमपेक्षा आणि कुपीची क्षमता २ मिलिलिटरपेक्षा अधिक असू शकत नाही. या मर्यादेत काठोकाठ भरलेल्या कुपीतही ४० मिलिग्रॅमच निकोटिन होते. त्यामुळे केवळ टक्केवारी पाहून उपकरण ‘हलके’ ठरवता येत नाही; कुपीचा आकारही पाहावा लागतो.

तुलनेसाठी, एका साध्या सिगारेटमधून ओढणाऱ्याच्या शरीरात साधारणतः १ ते दीड मिलिग्रॅम निकोटिन शोषले जाते. कुपीतील सगळे निकोटिन शरीरात जात नाही आणि झुरक्याची लांबी व उपकरणाची शक्ती यांनुसार प्रमाण बदलते, हे खरे. परंतु आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. सिगारेट जळून संपते आणि ती संपली की ओढणारा आपोआप थांबतो. पॉडला असा शेवट नसतो. अभ्यास करताना, प्रवासात, अंथरुणावर पडल्या पडल्या अधूनमधून झुरके घेता येतात आणि दिवसभरात किती निकोटिन घेतले याचा हिशेब राहत नाही.

सौम्यपणामागचे रसायन

पूर्वीच्या ई-सिगारेटमध्ये निकोटिन अल्कधर्मी स्वरूपात असे. त्याचे प्रमाण वाढले की घसा खवखवत असे आणि नवख्या माणसाला ठसका लागत असे. पॉड उपकरणांत बेंझोइक आम्लासारखे आम्ल मिसळून ‘निकोटिन सॉल्ट’ वापरले जाऊ लागले. त्यामुळे द्रवाची अल्कता कमी होते आणि निकोटिनचे मोठे प्रमाणही घशाला फारसे बोचत नाही. फळांचे, पुदिन्याचे आणि गोड पदार्थांचे स्वाद उरलेला तिखटपणा झाकतात.

पहिल्या झुरक्याला लागणारा ठसका हा शरीराने दिलेला इशारा असतो. अनेकांचा तंबाखूशी संबंध त्या ठसक्यापाशीच संपतो. हा इशारा काढून टाकणे, वास येऊ न देणे आणि उपकरण पेनासारखे दिसेल असे घडवणे या तिन्ही गोष्टी ‘सोपेपणा’ म्हणून मांडल्या जातात. व्यसन लागण्याच्या वाटेतील अडथळेही नेमके हेच असतात.

नवशिका कोण?

‘नवशिका’ या एका शब्दात दोन अगदी वेगळ्या व्यक्ती येतात. पहिली व्यक्ती म्हणजे अनेक वर्षे सिगारेट ओढणारा आणि ती सोडू पाहणारा प्रौढ. दुसरी म्हणजे आजवर तंबाखूला हात न लावलेला विद्यार्थी.

पहिल्या व्यक्तीबाबत तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत. सिगारेटमध्ये तंबाखू जळतो व त्यातून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतात. पॉडमध्ये ज्वलन होत नसल्याने ओढणाऱ्याला अनेक विषारी घटकांचा संसर्ग कमी होतो. कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यांनुसार निकोटिनयुक्त ई-सिगारेटमुळे धूम्रपान सोडणाऱ्यांचे प्रमाण निकोटिन गम किंवा पट्ट्यांच्या तुलनेत अधिक आढळले आहे. इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेने याच आधारे प्रौढ धूम्रपान करणाऱ्यांना सिगारेटऐवजी वेप देण्याची योजना २०२३ मध्ये जाहीर केली. मात्र हा लाभ सिगारेट पूर्णपणे सोडली तरच संभवतो. सिगारेटही चालू आणि वेपही चालू अशी दुहेरी सवय लागल्यास तो फारसा उरत नाही.

दुसऱ्या व्यक्तीसाठी असा कोणताही लाभ नाही. तिच्या वाट्याला फक्त नवे व्यसन येते. अमेरिकेत २०१९ च्या राष्ट्रीय युवक तंबाखू सर्वेक्षणात माध्यमिक शाळेच्या वरच्या इयत्तांतील २७.५ टक्के विद्यार्थी ई-सिगारेट वापरत असल्याचे आढळले होते.

भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, इंग्लंडचा युक्तिवाद जसाच्या तसा लागू पडत नाही. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ मधील दुसऱ्या फेरीनुसार देशातील १५ वर्षांवरील २८.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेत होते. त्यांत धूम्रपान करणारे १०.७ टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २१.४ टक्के होते. महाराष्ट्रात धूम्रपानाचे प्रमाण ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखूचे २४.४ टक्के होते. चुना लावून मळलेला तंबाखू, गुटखा आणि मशेरी ही ज्या राज्याची मुख्य समस्या आहे, तेथे सिगारेटला पर्याय म्हणून पुढे केलेले उपकरण बहुसंख्य तंबाखूसेवकांच्या कामाचे नाही. त्याचा संभाव्य ग्राहक मुख्यतः नवा तरुणच ठरतो.

आरोग्यावरील परिणाम

निकोटिनमुळे हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो. मेंदूची वाढ वयाच्या साधारण पंचविशीपर्यंत सुरू असते. त्या काळात निकोटिन घेतल्यास एकाग्रता, शिकण्याची क्षमता आणि आवेगांवरील ताबा यांवर अनिष्ट परिणाम होऊ शकतो. गर्भावस्थेत ते बाळाच्या वाढीला घातक ठरते.

वेटोळे अतितप्त झाल्यास किंवा वात कोरडी पडल्यास फॉर्माल्डिहाइड व अक्रोलीनसारखी घातक संयुगे तयार होतात. तारेतील निकेल, क्रोमियम यांसारख्या धातूंचे अंशही तुषारांत आढळले आहेत. स्वाददायी रसायने खाद्यपदार्थांत सुरक्षित मानली जात असली, तरी पोटात जाणारा पदार्थ फुप्फुसालाही मानवेल असे नसते.

भेसळीचा धोका किती गंभीर असू शकतो हे अमेरिकेत २०१९ मध्ये दिसले. फुप्फुसांच्या तीव्र इजेच्या साथीत फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जणांचा मृत्यू झाला. या इजेचा मुख्य संबंध गांजातील टीएचसी असलेल्या, बहुतांशी अनधिकृत मार्गाने मिळवलेल्या कुप्यांतील ‘व्हिटॅमिन ई ॲसिटेट’ या घटकाशी आढळला. ज्या देशात संपूर्ण व्यवहारच चोरटा आहे, तेथे कुपीत नेमके काय भरले आहे याची हमी देणारी कोणतीही यंत्रणा नसते, हा या घटनेचा भारतासाठी धडा आहे.

घरात लहान मुले असल्यास धोका आणखी वाढतो. निकोटिनयुक्त द्रव गोड वासाचा असतो आणि तो पोटात गेल्यास उलट्या, घाम, धडधड आणि गंभीर प्रसंगी झटके येऊ शकतात. असा संशय आल्यास मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि कुपी किंवा तिचे वेष्टन सोबत घ्यावे. दर्जाहीन बॅटरी चार्ज होताना तापून पेट घेण्याचा धोकाही असतो.

भारतीय कायदा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या श्वेतपत्रिकेत या उपकरणांवर पूर्ण बंदीची शिफारस केली होती. केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेशाद्वारे बंदी लागू केली. संसदेने त्याच वर्षी त्याचे कायद्यात रूपांतर केले आणि ५ डिसेंबर रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. ही बंदी देशभर लागू आहे.

उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री किंवा जाहिरात केल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुन्हा गुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. साठा ठेवल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा आहेत.

कायद्यातील व्याख्या व्यापक आहे. निकोटिन असो वा नसो, एखादा पदार्थ तापवून ओढण्यासाठी तुषार निर्माण करणारे प्रत्येक इलेक्ट्रॉनिक उपकरण, ई-हुक्का तसेच तंबाखू न जाळता तापवणारी साधने तिच्या कक्षेत येतात. त्यामुळे ‘यात निकोटिन नाही’ हा विक्रेत्याचा बचाव टिकत नाही. केवळ सेवनासाठी कायद्यात स्वतंत्र शिक्षा नमूद नाही. मात्र कोणत्याही स्वरूपात व प्रमाणात ई-सिगारेट बाळगणे हे कायद्याचे उल्लंघन असल्याची केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची भूमिका आहे. परदेशातून येताना भेट म्हणून आणलेले उपकरणही आयातबंदीमुळे विमानतळावर जप्त होऊ शकते.

इतर देशांतील स्थिती

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दिलेल्या माहितीनुसार ३४ देशांत ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी होती, तर ७४ देशांत कोणतेही नियम नव्हते. सिंगापूरमध्ये ती वापरणे व जवळ बाळगणे हाही २०१८ पासून गुन्हा आहे. ऑस्ट्रेलियात विक्री औषधालयांपुरती मर्यादित करण्यात आली आहे. ब्रिटनमध्ये विक्री कायदेशीर असली, तरी एकदाच वापरण्याजोग्या वेपवर १ जून २०२५ पासून बंदी आहे. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांनी त्या त्या देशाचा नियम आधी पाहून घेणे आवश्यक आहे.

सोडण्यासाठी मदत

सिगारेट, तंबाखू किंवा वेप सोडू इच्छिणाऱ्यांसाठी भारतात कायदेशीर मार्ग उपलब्ध आहेत. निकोटिन गम व पट्ट्यांमध्ये निकोटिनचे प्रमाण ठरलेले असते आणि ते टप्प्याटप्प्याने कमी करता येते. ब्युप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतात. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेच्या १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर समुपदेशन मिळते. ०११-२२९०१७०१ या क्रमांकावर मिस्ड कॉल दिल्यास मोबाईल संदेशांद्वारे मार्गदर्शन सुरू होते.

पालकांनी आणि शिक्षकांनी मुलाच्या दप्तरात पेनासारखी अनोळखी वस्तू, ओळखीच्या नसलेल्या चार्जिंग केबल किंवा खोलीत अवेळी येणारा गोड फळांचा वास याकडे लक्ष द्यावे. उपकरण सापडल्यास आरडाओरडा न करता, ते किती दिवसांपासून आणि दिवसातून किती वेळा वापरले जाते हे शांतपणे विचारावे. सकाळी उठल्याबरोबर तलफ येत असेल, तर अवलंबित्व जडल्याचे ते लक्षण आहे. अशा वेळी शिक्षेपेक्षा उपचाराची गरज अधिक असते.