बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे : पंडिता रमाबाईंचा पापविचार

मराठी ख्रिस्ती लेखकांच्या धर्मांतराच्या कथा आपल्याकडे बहुधा समाजेतिहासाची साधने म्हणून वाचल्या गेल्या आहेत. जात सुटली, घर तुटले, वर्तमानपत्रांत वादळ उठले, एवढ्यावर आपली जिज्ञासा थांबते. तथापि बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदया’पासून रमाबाईंच्या साक्षीपर्यंत या लेखनाचा खरा विषय वेगळाच आहे. पापाची जाणीव आणि तिच्यातून होणारी सुटका, हा तो विषय होय. या दृष्टीने पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) उदाहरण विशेष उद्‌बोधक ठरते. त्यांच्या आयुष्यात ‘पाप’ या शब्दाचा अर्थ एकदा नव्हे, दोनदा पालटला.

अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येचे बालपण तीर्थक्षेत्रांच्या वाटेवर गेले. पुराणे सांगावीत, व्रते करावीत, दानधर्म करावा आणि पुण्याचा संचय वाढवावा, हा त्या कुटुंबाचा जीवनक्रम होता. दुष्काळात आई, वडील व थोरली बहीण पाठोपाठ गेली, तेव्हा या हिशेबावरची रमाबाईंची श्रद्धा ढळली. १८७८ मध्ये त्या भावासह कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. परंतु स्त्रियांच्या कर्तव्यांवर व्याख्याने देण्यासाठी धर्मशास्त्रे अभ्यासू लागताच त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. अनेक बाबतींत परस्परांशी न जुळणारे ग्रंथ एका मुद्द्यावर एकमताने बोलत होते : स्त्री ही स्वभावतःच पापी आणि पतिसेवेखेरीज तिला गती नाही. म्हणजे पाप हे केलेल्या कर्माचे राहिले नाही, ते जन्माबरोबर लादलेले ठरले.

या पार्श्वभूमीवर १८८३ मधील इंग्लंडचा प्रवास पाहावा लागतो. वाँटेज येथील भगिनीसंघाने चालविलेले, लंडनच्या फुलहॅम भागातील एक आश्रयगृह त्यांनी पाहिले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा तेथे होत असे. ही करुणा कोठून येते, या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून योहानकृत शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखविण्यात आली. दुसरीकडे नीलकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोरे यांचे युक्तिवाद त्यांच्या बुद्धीला पटत होते. मूळचे मराठी आणि काशीत वाढलेले हे शास्त्री १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले होते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. परंतु पुढे त्रैक्याच्या सिद्धान्तावर व चर्चच्या अधिकारावर त्यांनी भगिनी जेराल्डीन यांच्याशी निर्भीडपणे वाद घातला. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा पत्रव्यवहार याची साक्ष देतो. बुद्धी वश झाली होती, ती शरण गेली नव्हती.

१८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले व पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. बाहेरून पाहणाऱ्यास हा यशाचा काळ वाटेल. नेमक्या याच काळात, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंना आपली उणीव उमगली. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ज्याच्या नावाने तो ओळखला जातो तो ख्रिस्त सापडला नाही, असे त्यांनी १९०७ च्या साक्षीत नमूद केले आहे. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन तेव्हा त्यांच्या वाचनात आले होते. स्वतःच्याच प्रवचनाच्या ओघात आपले तारण झालेले नाही हे उमगलेला तो मनुष्य! दीक्षा, विद्वत्ता आणि सेवा यांपैकी कशानेही आतला अपराधभाव फिटत नाही, हा अनुभव त्यांना ओळखीचा वाटला असल्यास नवल नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. शास्त्रांनी मारलेला पापाचा शिक्का पुसण्यासाठी जिने एवढे सोसले, तिने पुन्हा स्वतःला पापी का म्हणवून घ्यावे? ही माघार नव्हे काय? मला तसे वाटत नाही. पहिले पाप दुसऱ्यांनी ठरविलेले होते आणि ते केवळ स्त्रीच्या माथी होते. दुसरे पाप स्वतः ओळखलेले होते आणि त्यापुढे पुरुष, पंडित, पाद्री सारेच एका पंक्तीस बसत. ‘ख्रिस्त’ हा शब्द ‘मशीहा’ म्हणजे ‘अभिषिक्त’ या हिब्रू संज्ञेचा ग्रीक पर्याय. तारणारा बाहेरून येतो, तारण कमावता येत नाही, हा त्यातील आशय. पुण्याचा हिशेब कोलमडताना पाहिलेल्या रमाबाईंना या आशयात विसावा मिळाला. गोरे यांना मात्र तो सहजासहजी लाभला नाही. ज्यांच्या युक्तिवादाने रमाबाईंचा मार्ग मोकळा केला, ते स्वतः बाप्तिस्म्यानंतरही शंकांनी ग्रासलेले राहिले. युक्तिवाद दारापर्यंत नेतो. पुढचे त्याच्या हाती नसते, असेच या दोन चरित्रांवरून म्हणावे लागते.

१८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी हीच व्याकुळता अभंगांत ओतली. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. रमाबाईंचा मार्ग निराळा होता. पुराणे मुखोद्गत असलेल्या या संस्कृतज्ञ विदुषीने उत्तरायुष्यात हिब्रू व ग्रीक शिकून, केडगावच्या मुक्तिसदनातील साध्या स्त्रियांना समजेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पाप कशाला म्हणावे, हे ज्यांना आजवर इतरांनीच सांगितले होते, त्यांच्या हाती तो शब्द त्यांनी स्वतः वाचण्यासाठी दिला. मराठी वाङ्मयाच्या इतिहासाने धर्मप्रसाराच्या सदरात टाकून बाजूला ठेवावे, असे हे कार्य खचित नाही.