दोन लाखांमागे एक

मुंबई कायदेमंडळाच्या 12 मार्च 1927 च्या कामकाजात एका पस्तीस वर्षांच्या बॅरिस्टरचं भाषण छापलेलं आहे. विषय शिक्षण खात्याच्या अनुदानाचा. बोलणारे डॉ. भीमराव आंबेडकर. सरकारनं त्यांना सदस्य नेमलं होतं आणि शपथ घेऊन अजून महिनाही झाला नव्हता. पुढच्याच आठवड्यात, 20 मार्चला, ते महाडच्या चवदार तळ्यावर होते. महाड सर्वांना ठाऊक आहे, दरवर्षी तिथे माणसं लोटतात. बारा तारखेचं भाषण मात्र त्यांच्या लेखन-भाषणांच्या ग्रंथावलीच्या दुसऱ्या खंडात, अभ्यासकांपुरतं राहिलं. मला ही दोन्ही कामं एकाच मागणीची वाटतात. जे सार्वजनिक पैशातून उभं राहिलं, ते तळं असो की कॉलेज, त्यावर सर्वांचा सारखा हक्क आहे.

भाषणाचा कणा म्हणजे आकडे. शिक्षण खात्यानं प्रांतातल्या लोकांचे चार वर्ग पाडले होते: पुढारलेले हिंदू, मुसलमान, मधला वर्ग आणि मागासलेला वर्ग. अस्पृश्य, डोंगरी जमाती आणि ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमाती या शेवटच्या वर्गात कोंबलेल्या. प्राथमिक शाळेत दर हजारी पुढारलेले 119, मागासलेले 18. माध्यमिक शाळेत दर लाखामागे 3000 आणि 14. कॉलेजात दर दोन लाखांमागे पुढारलेले 1000. मागासलेल्यांच्या रकान्यात शून्य, किंवा फार तर एक, तोही असलाच तर.

हा तक्ता जरा थांबून वाचावा. हजार, मग लाख, मग दोन लाख. पायरी चढेल तसं माप मोठं केलेलं आहे, आणि ते दोन लाखांवर नेऊनही शेवटच्या वर्गातला एक विद्यार्थी खात्रीनं सापडत नाही. हा वर्ग लोकसंख्येत दुसऱ्या क्रमांकाचा आणि शिक्षणात चौथ्या, म्हणजे शेवटच्या. आकडे सरकारचेच होते, त्यामुळे सरकारला ते नाकारता येण्यासारखे नव्हते. तक्त्यात कोणाचं नाव नाही. वरळी कोळीवाड्यातल्या नाखव्याची मुलगी असो की बीडीडी चाळीतल्या गिरणीकामगाराचा मुलगा, कॉलेजच्या दारापर्यंत कोण पोचलं नाही हे अशा तक्त्यात चेहऱ्याशिवायच दिसतं. म्हणून त्याच्या जोडीला दुसरे कागद लागतात.

ते कागद आंबेडकरांनीच पुढल्या वर्षी गोळा करून ठेवले. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीनं सायमन कमिशनला दिलेल्या, मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांच्या शिक्षणावरच्या निवेदनाची तारीख 29 मे 1928, आणि पत्ता दामोदर हॉल, परळ. इथून जवळच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतल्या दोन खोल्यांत त्यांचा संसार होता. गिरण्यांच्या या पट्ट्यातून, सरकारी दप्तरातले उतारे काढून काढून, त्यांनी सरकारपुढेच सरकारचा शंभर वर्षांचा हिशेब मांडला.

त्यात धारवाडचं प्रकरण आहे. 1856 साली एका महार मुलानं सरकारी शाळेत प्रवेश मागितला. 21 जुलैच्या ठरावात मुंबई सरकारनं न्याय मुलाच्या बाजूचा आहे हे मान्य केलं, आणि त्याच ठरावात एकट्यादुकट्यासाठी जुन्या समजुतींना हात घातला तर शिक्षणाच्याच कामाचं नुकसान होईल, असं म्हणून त्याला बाहेर ठेवलं. न्याय कळलेला होता, म्हणून हा ठराव वाचताना जास्त त्रास होतो. त्याही आधीचं, मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याचं शिक्षणविषयक टिपण निवेदनात आहे. खालच्या जातींची मुलं मिशनऱ्यांना उत्तम विद्यार्थी वाटतात, हे तो नोंदवतो, आणि तरीही त्यांना खास उत्तेजन देताना जपा, असं सुचवतो. त्यांच्यात शिक्षण आधी रुजलं तर वरचे लोक ते घेणार नाहीत, ही त्याची भीती. याच गृहस्थाच्या नावाच्या कॉलेजातून आंबेडकर बी.ए. झाले होते, बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. निवेदनात या आठवणीचा मागमूस नाही. स्वतःचं काही न सांगता ते 1882 च्या हंटर कमिशनच्या वेळचे आकडे देतात: माध्यमिक शाळांत खालच्या जातींचे 17 विद्यार्थी, कॉलेजात एकही नाही.

आकडे मांडून ते थांबले नाहीत. 1927 सालीच मुंबई विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवर बोलताना त्यांनी विद्यापीठ कशासाठी असतं हाच प्रश्न घेतला. ज्यांच्यात बुद्धी आहे पण पैशाअभावी किंवा दुसऱ्या अडचणींमुळे जे मागे राहतात, त्यांच्यापर्यंत उच्च शिक्षण नेणारी यंत्रणा म्हणजे विद्यापीठ, असं त्यांचं म्हणणं. सिनेटमध्ये मागासवर्गाची माणसं हवीत हा आग्रह त्यातूनच आला. अनुदानावरच्या भाषणातली त्यांची एक सूचना मला आजही फार व्यवहारी वाटते: शिष्यवृत्त्यांवर जाणारा पैसा वसतिगृहांकडे वळवा. मुलाच्या हातात चार रुपये ठेवून भागत नाही, ते घरखर्चात जातात. मुलाला अभ्यासाला जागा हवी, सोबत हवी. त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं 1925 मध्ये सोलापूरला वसतिगृह काढलेलं होतं, म्हणजे हे अनुभवाचे बोल होते. सायमन कमिशनपुढे तर त्यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणाचा खर्च प्रांताच्या तिजोरीवरचा पहिला बोजा मानावा, अशी घटनात्मक हमीच मागितली.

हा लढा आपल्यापुरताच आहे असं त्यांनी मानलं नाही. 1946 च्या जुलैत त्यांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं. तिथल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या आणि अस्पृश्यांची व त्यांची स्थिती किती सारखी आहे हेही लिहिलं. डुबॉइस यांचं 31 जुलैचं उत्तर उपलब्ध आहे. त्याआधीच, त्याच वर्षीच्या जूनमध्ये, त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ कॉलेज मुंबईत सुरू झालं. दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांनाही शिकता यावं म्हणून तिथले वर्ग सकाळी भरत.