डोमेन, सर्फ-ए-खास आणि हरकत

लातूरचा कोचिंग क्लास असो की नांदेडचं हॉटेल, दुकानाची पाटी रंगायच्या आधी आता विचारणा होते, "डोमेन घेतलं का?" हे 'घेणं' जमिनीचं आहे. प्लॉट घेतला, शेत घेतलं, तसं डोमेन घेतलं. शब्दाच्या मुळाशी गेलं तर तिथंही जमीनच सापडते. लॅटिनमध्ये 'दोमिनुस' म्हणजे धनी, आणि धन्याचं जे ते 'दोमिनिकुस'. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत येईपर्यंत त्याचा अर्थ राजाची किंवा सरदाराची खासगी जमीन असा पक्का झाला होता.

मराठवाड्याला हा अर्थ समजून घ्यायला कोश उघडावा लागत नाही. निजामाच्या राज्यात दिवाणी मुलूख सरकारचा, आणि सर्फ-ए-खास खुद्द निजामाच्या खासगीतला. त्याचा वसूलही निजामाच्या खासगी खजिन्यात जायचा. 'डोमेन'ला इतका नेमका जुना प्रतिशब्द दुसरा मला दिसत नाही. पोलीस ॲक्शननंतर, १९४९ साली, सर्फ-ए-खास दिवाणीत विलीन झालं आणि हा शब्द म्हाताऱ्यांच्या बोलण्यात तेवढा उरला.

त्याही मागं जायचं तर राष्ट्रकूट राजांचं बिरुद आहे: 'लट्टलूरपुरवराधीश्वर', म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगराचे स्वामी. लट्टलूर म्हणजे आजचं लातूर, असं मानलं जातं. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेटाला, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या मळखेडला. बिरुदात मात्र लट्टलूर. गावात राहत नसताना गावाचं नाव धारण करता येतं, आणि त्या नावाला किंमत असते, हे नवव्या शतकातही ठाऊक होतं.

आता पुन्हा डोमेनकडं. इंटरनेटवरच्या नावांची सगळ्यात वरची यादी म्हणजे रूट झोन. कॉम, इन, भारत ही टिंबानंतरची नावं तिथं नोंदलेली असतात. १९९८ साली स्थापन झालेली इकॅन ही संस्था या यादीची व्यवस्था पाहते, पण तिच्यावर एका करारानं अमेरिकेच्या वाणिज्य खात्याची देखरेख होती. तो करार १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपला. त्यानंतरची इकॅनची पहिलीच मोठी बैठक त्याच वर्षी नोव्हेंबरात भरली ती हैदराबादला! सर्फ-ए-खास जिथून चाले, त्याच शहरात. प्रवेशाला शुल्क नव्हतं. नांदेडहून रात्रीच्या गाडीनं जाऊन बसता आलं असतं.

धनी गेल्यावर नियम ठरतात ते मसुदा जाहीर करून आणि लोकांची मतं मागवून. आपल्याकडं महापालिकेच्या नोटिशीत यासाठी घोटलेले शब्द आहेत: 'हरकती व सूचना'. औरंगाबाद आणि उस्मानाबादच्या नामांतराच्या वेळी २०२३ मध्ये मराठवाड्यानं हे शब्द पुरेपूर वापरले. 'हरकत' मूळचा अरबी, अर्थ हालचाल. फारसी-उर्दूतून मराठीत येता येता तो अडथळा आणि आक्षेप झाला. गाणाऱ्याच्या गळ्यात तो मूळ अर्थाच्या जवळ राहिला. सुराची चपळ हालचाल ती हरकत. आणि अरबी लिपीत अक्षरावरच्या स्वरचिन्हालाही हरकत म्हणतात. निजामी शाळेत जेर-जबर गिरवलेल्या पिढीला हे सांगायला नको.

देवनागरीच्या बाबतीत हे दोन अर्थ एकत्र आले. रूट झोनमध्ये देवनागरीची कोणती अक्षरं चालतील, याचा मसुदा भारतातल्या आणि शेजारच्या देशांतल्या तज्ज्ञांनी तयार केला. २०१८ मध्ये त्यावर लोकांच्या हरकती मागवल्या गेल्या. त्यात एक प्रश्न थेट मराठीचा होता. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. हा 'ऱ्या' संगणकावर दोन रीतींनी काढता येतो: साध्या 'र'ला हलन्त देऊन मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून, किंवा नुक्त्याचा 'ऱ' वापरून. न दिसणारी चिन्हं रूट झोनला चालत नाहीत. म्हणून द्राविडी उच्चार लिहिण्यासाठी ठेवलेला 'ऱ' मराठीच्या कामी आला. तो यादीत नसता, तर 'ऱ्या' असलेलं एकही नाव टिंबानंतर बसलं नसतं.

टिंबाच्या अलीकडचा कारभार वेगळा. देवनागरीतलं 'भारत' २०१४ साली सुरू झालं आणि ते निक्सी ही संस्था चालवते. तिथं नांदेडलाच पेच आहे. मराठीत आपण 'नांदेड' लिहितो, हिंदीत 'नांदेड़' लिहिलेलं आढळतं. माणसाला दोन्हींत एकच गाव दिसतं; यंत्राच्या हिशेबी 'ड' एक चिन्ह आणि 'ड़' दोन, म्हणजे नावं दोन. लातूरचंही तेच. शुद्धलेखन 'तू' सांगतं, निम्म्या पाट्या 'लातुर' म्हणतात. अशी जोडनावं एकाच्याच हाती द्यावीत, की आधी येईल त्याला? माझं मत स्पष्ट आहे: एकाच्याच हाती द्यावीत, नाहीतर गावाच्या नावानं फसवणुकीचा धंदा करणाऱ्याला एक नुक्ता पुरेल.

पण असं मत जागतिक पातळीवर मांडायचं तर मसुदा आधी इंग्रजीत वाचावा लागतो. इकॅन आपली महत्त्वाची कागदपत्रं संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांत देते; त्यांत मराठी नाही, हिंदीही नाही. रुळलेली मराठी जाणणारे शिक्षक, मुद्रितशोधक, पाट्या रंगवणारे पेंटर या चर्चेबाहेर राहतात ते यामुळं. ज्या कागदावर 'ऱ्या' कसा लिहायचा हे ठरतं, तो कागद मराठीत छापून यावा, ही माझी पहिली हरकत.